ठमीचं बी

तालोव्का, ३ एप्रिल २००७

फाया,

या घरात माझ्या हातची कामं अशी: मागच्या अंगणातलं न्हाणीघर, पाइनच्या ओंडक्यांचं, एकही खिळा न वापरता. अकरा फासळ्यांची होडी. विटांची भट्टी, जी तू असताना मी दोनदा मोडून पुन्हा बांधली, कारण धूर सरळ जात नव्हता. शाळेच्या टाकून दिलेल्या चौदा खिडक्यांचं काचघर. बी शेकायचं कपाट, दुहेरी भिंतींचं, मध्ये भुसा ठासलेलं, आतल्या तारेच्या वेटोळ्यासकट आणि ते वेटोळं चालू-बंद करणाऱ्या रिलेसकट. आणि ठमी.

कपाट, होडी, भट्टी कुणीही करील, हात असले म्हणजे झालं. ठमी कुणाला जमली नाही. सत्तावीस सेंटिमीटर उंची, अंगठ्याएवढं खोड, टेकू नको, फुटवे खुडणं नको, पाचव्या पानावर पहिला घोस. उगवल्यापासून, घरातल्या खिडकीतले दिवस धरून, पंच्याऐंशीव्या दिवशी लाल टोमॅटो. आपल्या येनिसेईच्या काठाला दोन हिमांच्या मध्ये जेमतेम अठ्ठ्याहत्तर दिवस मिळतात, हे तुला मी सांगायला नको. अकरा पिढ्या मी निवडत आणली तिला. आठवी पास माणूस, वीजघरातला फिटर, ना कुणी शिकवलं ना कुणी विचारलं.

आता विचारतात. ऑगस्टमध्ये जिल्ह्याच्या प्रदर्शनात मी सहा झाडं दुधाच्या डब्यांत लावून नेली होती. बियाणं कंपनीचा एक तरुण माणूस, रोदियोन नावाचा, खाली वाकून बघत बसला, पट्टीने मोजत बसला. मग म्हणाला, "वेनियामिन साव्हेल्येविच, आपण कुठल्या संस्थेत होतात?"

"वीजघरात," मी म्हटलं.

तो हसला. मी हसलो नाही. पहिल्या बोटीने तो कागदपत्रं घेऊन इथे येणार आहे.

बाकी सगळं ठीक. बर्फ अजून खिडकीच्या चौकटीपर्यंत आहे. ग्लाशा मावशीचा गुडघा तसाच, जीभही तशीच.

एक लहानशी गोष्ट. सहा वर्षांपूर्वी धक्क्यावर जे झालं ते झालं, मी ते उकरून काढत नाही. पण ती काडेपेटी तुझ्याकडे असलीच तर ती टाकू नकोस. मी मागत नाही. नुसतं टाकू नकोस म्हणतोय.

वेनियामिन


तालोव्का, ११ एप्रिल

फाया,

मागच्या पत्रात मी "सगळं ठीक" असं लिहिलं. ते पुरतं खरं नव्हतं.

पंचवीस मार्चला मी दहा खोकी पेरली. माती आल्डरच्या झाडांखालची, वाळू नदीची, चाळलेली, भाजलेली, सगळं दरवर्षीसारखं. ठमी पाचव्या दिवशी मान वर काढते, सहाव्या दिवशी मी कधी पाहिलं नाही. आज सतरावा दिवस आहे. दहाच्या दहा खोक्यांत नुसती काळी माती. वेगळे साठ दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून उशाशी ठेवले होते. ते फुगले, मऊ झाले आणि कुजले.

झालं असं. गेल्या ऑगस्टमध्ये चार झाडांच्या पानांवर पिवळे चट्टे दिसले. तो रोग बियातून जातो. त्यावर उपाय एकच, बी आधी खडखडीत वाळवायचं आणि मग तीन दिवस सत्तर अंशांवर शेकायचं. मी दरवर्षी पेरणीपुरतं शेकतो. या वेळी पूर्ण बरणी कपाटात ठेवली. तू म्हणशील, सगळी कशाला? थोडं बी न शेकता बाजूला ठेवणं म्हणजे थोडा रोग बाजूला ठेवणं. मी अर्धंमुर्धं काम करत नाही.

शेकताना एका दिवशी विजेचा दाब चढला. कपाट तापत गेलं. मी दार उघडलं तेव्हा काटा एकशे अठरावर होता आणि खोलीभर भाजल्या पावासारखा वास सुटला होता.

म्हणून आता सरळच लिहितो. तू गेलीस त्या दिवशी कपाटातल्या मधल्या फळीवरची काडेपेटी नाहीशी झाली. तिच्यात पाचव्या पिढीचं बी होतं, त्रेचाळीस दाणे. मी धक्क्यावर धावत आलो आणि बोटीसाठी जमलेल्या सगळ्या गावासमोर तुझी पेटी उघडून फळ्यांवर उलटी केली. तुझे कपडे, तुझ्या आईचा फोटो, लोकरीचे मोजे. काडेपेटी निघाली नाही. मी म्हणालो, अंगावर लपवली असेल. कप्तानाने भोंगा वाजवला म्हणून मी थांबलो, नाही तर काय केलं असतं कोण जाणे.

त्या वेळी मी तुला चोर म्हणालो. फाया, आज मी मनापासून म्हणतो, मी बरोबर असू दे. तू ती नेलेली असू दे. आपल्याकडे चोरून आणलेलं रोप चांगलं रुजतं, असं सगळ्या बायका म्हणतात. इथे चोरी कोण धरतं? मी एक शब्द बोलणार नाही. दहा दाणे पाठव. पाच पाठव. तिकडे दक्षिणेत कुबानला तर रस्त्याच्या कडेलाही टोमॅटो होतात, तुला त्या बुटकीचा काय उपयोग?

वेनियामिन


तालोव्का, २४ एप्रिल

फाया,

गोठलेल्या नदीवरची गाडीवाट उद्या बंद होणार. टपालातली किरा म्हणाली, "काका, आज दिलंत तर जाईल, नाही तर मग बोट येईपर्यंत थैलीत लोळेल." म्हणून घाईत लिहितोय.

विजेचा दाब चढला नव्हता. त्या दिवशी पाळीवर मीच होतो, नोंदवही माझ्याच अक्षरात आहे, सकाळपासून संध्याकाळपर्यंत दोनशे वीस. झालं ते माझ्या रिलेमुळे. त्याची दोन टोकं एकमेकांना चिकटली आणि सुटलीच नाहीत. ती टोकं मी जुन्या स्टार्टरमधली घासून बसवली होती. तू म्हणाली होतीस, "चारशे रूबलला दुकानात मिळतो, आण की एक, तुझा जीव का जातो?" मी म्हणालो होतो, दुकानातली वस्तू कुणी केली ते मला ठाऊक नसतं. आता याची कुणी केली ते ठाऊक आहे.

गेल्या आठवड्यात मी घरोघर गेलो. तू असतीस तर हसून लोळली असतीस. वेन्या कोपिलोव टोपी हातात घेऊन दारोदार, "गेल्या दहा-अकरा वर्षांत कुणी माझं एखादं रोप उचललंय का? मी रागावणार नाही."

सव्वीस घरं झाली. प्रत्येक घरी चहा, प्रत्येक घरी तेच "नाही".

ग्लाशा मावशीने तर दारातच धरलं. "काय रे, चोर शोधतोयस का?"

"शोधतोय, मावशी. सापडला तर पाया पडेन."

"आता पडतोस? माझ्या खिडकीतली मिरचीची रोपं दरसाल कमी होतात. कोण नेतं ते मला ठाऊक असतं. मी पडदा ओढून घेते आणि दुसऱ्या खोलीत जाऊन खोकत बसते, म्हणजे बिचारीला निवांत नेता येतील. शेजारधर्म म्हणतात त्याला. तू काय केलंस? मासे धरायच्या दोऱ्याला घुंगरं बांधून काचघराभोवती फिरवलीस!"

"चौदा खिडक्या होत्या मावशी, लक्ष कुठे कुठे ठेवणार?"

"ठेवायचंच कशाला लक्ष? तुझ्या खिडकीला हात लावायची कुणाची छाती होती? आणि टोमॅटो दिलेस तेही हिरवे, खारवलेले. मला काय कळत नाही? पिकलेला दिला असतास तर मी बी काढून ठेवलं असतं, म्हणून हिरवा."

ते खरंच होतं. अकरा वर्षांत या गावात एकाही माणसाने पिकलेली ठमी माझ्या घराबाहेर खाल्लेली नाही. प्रदर्शनात नेलेल्या सहा झाडांचीसुद्धा फळं मी मोजून नेली आणि मोजून परत आणली.

मावशीने निघताना माझ्या हातावर साखर घातलेल्या क्रॅनबेरीची वाटी ठेवली आणि म्हणाली, "फायाला लिही. ती नेणारी बाई नव्हती, पण लिही."

लिहितोय. तू नेणारी नव्हतीस असं सगळेच म्हणतात. मी एकटाच म्हणतो की होतीस. मला एकट्याला तरी खरं ठरव.

वेन्या


तालोव्का, १२ मे

फाया,

हे पत्र जाणार नाही, किराच्या थैलीत पडून राहील. नदीवरचा बर्फ परवा गडगडत फुटला. तीन दिवस घरातल्या बशा वाजतायत. तुला हा आवाज आवडायचा, तू दार उघडं टाकून बसायचीस आणि मी घर गार होतं म्हणून ओरडायचो.

काल मी कपाट फोडलं. भट्टीत घालायचं ठरवलं होतं. मागची फळी कुऱ्हाडीने उचकटली, भुसा खाली सांडला आणि भुशातून काडेपेटी निघाली.

मधल्या फळीच्या मागे एक फट होती. दीड सेंटिमीटर. मी मोजली. मी केलेल्या कपाटात दीड सेंटिमीटरची फट होती आणि सहा वर्षं ती मला ठाऊक नव्हती. काडेपेटी फळीवरून मागे सरकली आणि दोन भिंतींच्या मध्ये पडली. मी तुझी पेटी धक्क्यावर उलटी करत होतो तेव्हा ती इथे होती. माझ्या हातापासून एक फळी पलीकडे.

दाणे मोजले. त्रेचाळीस. एकही कमी नाही.

तुला कळतंय ना, ते कुठे होते? दरवर्षी मार्चमध्ये तीन दिवस सत्तर अंश, पाच वर्षं. आणि यंदा एकशे अठरा. तरी मी पेरले. एकेका डब्यात एकेक दाणा, त्रेचाळीस डबे, सगळे दक्षिणेच्या खिडकीत. भिंतींमधल्या भुशात ऊब थोडी कमी पोचत असेल. एखादा वाचला असेल. एक पुरतो. एका झाडापासून दोन वर्षांत पुन्हा बरणी भरते, मी हिशेब मांडलाय.

डबे लावताना आठवलं ते लिहून टाकतो, कारण मी ते आजवर कुणाला सांगितलं नाही. प्रदर्शनाच्या फलकावरही लिहिलं नाही. पहिल्या वर्षी चौदा नंबरचं रोप मी उपटून बादलीत टाकलं होतं. आखूड, जाड, पानं चुरगळल्यासारखी. वहीत मी "विकृत" असं लिहिलं आणि काट मारली. ते बादलीतून तू काढलंस. म्हणालीस, "राहू दे रे बिचारीला. बुटकी आहे म्हणून काय झालं? मलाही तुझी आई नको म्हणत होती." तू ते दुधाच्या डब्यात लावलंस आणि ठमी म्हणायला लागलीस. मी जुलैपर्यंत तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. जुलैत ती लाल झाली, इतर सगळी अजून हिरवी असताना, आणि त्या दिवसापासून ती माझी झाली.

पहिल्या पत्रात मी कामांची यादी दिली आहे. तिच्यातलं शेवटचं नाव खोडून वाच.

वेन्या


तालोव्का, ३ जून

फाया,

परवा पहिली बोट आली. सगळं गाव धक्क्यावर होतं, मीही होतो. त्याच फळ्या. त्यांतली एक बदललीय, बाकी त्याच.

किराने तिथेच तुझं पत्र हातात दिलं. माझ्या पहिल्या पत्राचं उत्तर. पाच ओळी, मला पाठ झाल्या आहेत. "मी काही नेलं नाही. तेव्हाही हेच सांगितलं होतं. नेलं असतं तर बरं झालं असतं, निदान तुझ्या शिव्या फुकट गेल्या नसत्या. मी इथे टोमॅटो लावत नाही. दुकानातून आणते." सहीसुद्धा पूर्ण नावाची, फाईना येगोरोव्ना, बँकेत करतात तशी.

तू नेलं नव्हतंस हे मला अकरा मेपासून ठाऊक आहे. पण तुझ्या अक्षरात वाचल्यावर मी धक्क्यावरच्या खुंटावर खाली बसलो. ग्लाशा मावशी म्हणाली, "काय झालं रे, कोण गेलं?" मी म्हटलं, कुणी नाही मावशी, पत्र आहे.

डब्यांचं सांगायचं राहिलं. बावीस दिवस झाले. त्रेचाळीस डबे. पहिले दहा दिवस मी रोज दोनदा पाणी शिंपडलं. नंतर काडीने माती बाजूला करून एकेक दाणा बघितला. आतून तपकिरी, बोटांत धरला की भुगा. शेवटच्या पाच डब्यांची माती मी उकरली नाही. ते अजून खिडकीत आहेत. त्यांना पाणी घालतो. कशासाठी ते विचारू नकोस.

फाया, त्या दिवशी तुझ्या आईचा फोटो पाण्यात पडला होता. तू वाकून काढलास, डोक्यावरच्या रुमालाने पुसलास आणि माझ्याकडे न बघता बोटीवर चढलीस. मी तो पडलेला बघितला होता. मी वाकलो नाही, कारण मोज्यांच्या घड्या उलगडत होतो. सहा वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मी बघितलं नाही. बघितलं होतं. माफी मागायला माझ्याकडे नीट शब्द नाही. असता तर तेव्हाच वापरला असता. मी मागतो.

तू परत ये असं मी लिहीत नाही. इथे यायला आता काही राहिलं नाही. काचघराचं दार उघडं टाकलंय, घुंगरं काढून ग्लाशा मावशीच्या शेळीच्या गळ्यात बांधली. ती म्हणते, शेळीला ती शोभतात, मला शोभत नव्हती.

आता त्या माणसाचं.

रोदियोन त्याच बोटीने आला. नवे बूट, चामड्याची पिशवी, बायकोने बांधून दिलेले कोबी भरलेले पाव. टेबलावर कागद मांडले. एका जागी लिहिलं होतं, वाण तयार करणाऱ्याचं नाव, आणि पुढे एकाच नावापुरती ओळ. बरणी फळीवर समोरच होती. एकशे ऐंशी ग्रॅम. भाजलेल्या बियाचा रंग किंचित गडद होतो, पण ते मला कळतं, त्याला नाही. त्याने झाकण उघडलं, चिमूट घेतली, वास घेतला.

"छान वाळलंय," तो म्हणाला.

"वाळलंय," मी म्हटलं.

"उगवण किती?"

"गेल्या साली शंभरात अठ्ठ्याण्णव." ते खरं होतं. गेल्या सालचं त्याने विचारलं नव्हतं, पण मी गेल्या सालचंच सांगितलं. तो लिहून घ्यायला लागला तेव्हा मी त्याच्या पेनावर हात ठेवला.

"विकायची नाही," मी म्हणालो.

त्याला वाटलं मी भाव चढवतोय. त्याने आकडा वाढवला. मी नाही म्हणालो. मग तो चिडला. "तुम्ही लोक असेच. सोन्याच्या बरणीवर बसून मरता, कुणाला देत नाही! अहो, गावोगाव लागली असती ती, उत्तरेत मुलांनी खिडकीतला टोमॅटो खाल्ला असता!"

मी त्याला खरं सांगू शकलो असतो. सांगितलं नाही. त्याला आणि गावाला वाटू दे की कोपिलोवचा माज आहे. त्याची सगळ्यांना सवय आहे, मलाही. मेलेलं बी विकून मी सुटलो असतो, पुढच्या वसंतापर्यंत कुणाला कळलं नसतं, आणि कळलं असतं तेव्हा दोष मातीचा निघाला असता. पण मग त्याच्या दहा हजार पाकिटांवर ठमी असं छापलं असतं आणि दहा हजार बायका खिडकीत काळ्या मातीकडे बघत बसल्या असत्या. त्यांतली एक कुबानची असती. टोमॅटो लावत नाही म्हणालीस, तरी पाकिटावर ठमी वाचून तू लावली असतीस.

धक्क्यावर बोटीत चढताना त्याने एकदा मागे वळून बघितलं आणि ओरडून शेवटचं विचारलं. मी मानेनेच नाही म्हटलं. ग्लाशा मावशी बाजूलाच होती, म्हणाली, "काय मेलं इतकं आहे त्या बरणीत?"

तुला एकटीला सांगतो, म्हणजे कुणाला तरी नेमकं ठाऊक असेल. त्याने देऊ केलं ते असं: बरणी जशी आहे तशी, बी न तपासता, वाणाचा पूर्ण हक्क, नाव एकट्या माझं, सही होताच रोख. एक लाख चाळीस हजार रूबल. मी नाही म्हणालो.